रात्री दोन वाजता इथं कोण असतं?

आत्याला असिस्टेड लिव्हिंगच्या वृद्धनिवासात सोडून आलो त्या संध्याकाळी सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "टाकलंत का शेवटी?" टाकणं हे क्रियापद तसं निरुपद्रवी आहे. आपण पत्र पेटीत टाकतो, पैसे खात्यात टाकतो, पोराला शाळेतसुद्धा टाकतो. म्हाताऱ्या माणसाच्या मागे ते लागलं की मात्र त्यातून घंटागाडीचा आवाज येतो. मी "हो" म्हणालो आणि वर निघून आलो.

आत्या 83 वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीणबाई होती, लग्न केलं नाही, आणि दुपारचा चहा चारच्या ठोक्याला स्वतःच्या हातचाच लागतो. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. मग घरी सेवेला येणाऱ्या ब्युरोच्या बायका सुरू झाल्या. तीन महिन्यांत चार जणी. एक गोड होती, पण तिच्या गावची जत्रा आली. एक रात्री बारा तास मोबाईल बघायची. एकीशी आत्याचंच पटलं नाही, कारण ती तिला "पेशंट" म्हणायची. शेवटी आत्याच म्हणाली, "हे रोज नवीन माणूस घरात घेण्यापेक्षा मीच कुठेतरी जाते." पुण्यात आणि आसपास सहा जागा पाहिल्या आणि त्यातली एक ठरवली. पेन्शन आहे म्हणून ठरवता आली, हे इथेच सांगून ठेवतो.

प्रवेशाच्या दिवशी मी चेक दिला, चार ठिकाणी सह्या केल्या आणि डोळे पुसत रिक्षात बसलो. करारनामा वाचला नाही. रात्रपाळीला किती माणसं असतात हे विचारलं नाही. घरासाठी फ्रिज घेताना वॉरंटीचा कागद दोनदा वाचणारा मी, इथे मान खाली घालून उभा होतो. मला वाटतं, या सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे. आईवडिलांना बाहेर ठेवण्याची आपल्याला इतकी लाज वाटते की तिथे आपण गिऱ्हाईक म्हणून उभेच राहत नाही. आणि गिऱ्हाईक गप्प असलं की दुकानदाराला कसली घाई?

असिस्टेड लिव्हिंग हा शब्द आता पुण्या-नाशकाच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. शहराबाहेरच्या क्लबहाउसवाल्या फ्लॅटला सीनियर लिव्हिंग म्हणतात. तिथे माणूस धडधाकट असतानाच राहायला जातो आणि फ्लॅट विकत घेतो. दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केंद्रं: नाकातून नळी, कॅथेटर, एअर बेड. या दोन्हींच्या मधला जो माणूस आहे, ज्याला हॉस्पिटलची गरज नाही पण एकट्याने आंघोळ करणं धोक्याचं झालंय, त्याच्यासाठी ही व्यवस्था. आपल्या आत्या-मावश्या बहुतेक या मधल्या पट्ट्यातच वर्षानुवर्षं असतात.

हा मधला पट्टा मोजता येतो, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये सहा गोष्टींची एक साधी मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातलं काय एकट्याने जमतं आणि कशाला माणूस लागतं, एवढंच पाहायचं. सहा वर्षांनी लॉटन आणि ब्रोडी यांनी तिला दुसरी यादी जोडली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचे व्यवहार वगैरे. आत्याला पहिल्या यादीतल्या दोन गोष्टींना मदत लागते आणि दुसऱ्यातल्या चारांना. पैशांचे व्यवहार मात्र ती आजही माझ्यापेक्षा चोख करते. ही मोजपट्टी हातात असती तर "आत्याचं आता काही खरं नाही" असं मोघम बोलत आम्ही सहा महिने घालवले नसते. मी पाहिलेल्या सहांपैकी एकाच ठिकाणी प्रवेशाआधी अशी काही नोंद केली. बाकीच्यांनी "चालतात का? खातात का? बरं" एवढ्यावर दर सांगितला.

असिस्टेड लिव्हिंगची मूळ कल्पना किती बंडखोर होती, हे आपल्याकडे येईपर्यंत गळून गेलंय. अमेरिकेतल्या केरन ब्राऊन विल्सन यांच्या आईला ऐन पंचावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा मोठा झटका आला आणि पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये काढावी लागली. आईची मागणी साधी होती: स्वतःची खोली, छोटंसं स्वयंपाकघर, आतून लावता येणारं दार. त्या मागणीवरून विल्सनबाईंनी 1983 मध्ये ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये एक इमारत उभी केली. तिथे राहणारे भाडेकरू होते, पेशंट नव्हते. दाराला कडी आतून. खोलीचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट त्यांच्या हातात, जेवायची वेळ त्यांची, मांजर पाळायचं तर पाळा. लोकांनी तेव्हा डोक्याला हात लावला. म्हातारी माणसं पडतील, मरतील. पण मदत मिळावी आणि दारही आपलंच असावं, हीच या व्यवस्थेतली खरी गोष्ट होती.

आपल्याकडे हे नाव घेतलं, कडी घेतली नाही. आत्याच्या खोलीला आतून कडी नाही. सुरक्षेचं कारण मला पटतं. आत कुणी पडलं तर दार फोडत बसायचं का? पण बाहेरून उघडता येणारं कुलूप काही चंद्रावरून आणायला लागत नाही. गॅस नाही, हेही पटलं. इलेक्ट्रिक किटलीला नाही म्हणाले, तेव्हा आत्या पहिल्यांदा रडली. खुबा मोडला तेव्हा रडली नव्हती. चारचा चहा तिथे साडेतीनला येतो, सगळ्यांचा एकदम, साखर घातलेला, कारण साडेचारला पाळी बदलते. कुणाच्या सोयीने दिवस चालतो हे बघायचं असेल तर चहाची वेळ बघावी.

आपल्या भागात म्हाताऱ्यांसाठी संस्था काढण्याची परंपरा नवी नाही. पुण्याच्या नवी पेठेतलं निवारा हे डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह म्हणून एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं. युती सरकारच्या काळात, 1995 पासून, मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. या जागा निराधारांसाठी किंवा बऱ्यापैकी हिंडत्या-फिरत्या वृद्धांसाठी उभ्या राहिल्या. तेव्हा प्रश्न छपराचा आणि जेवणाचा होता. आता छप्पर आहे, फ्लॅट स्वतःच्या नावावर आहे, जेवणाचा डबा मोबाईलवर मागवता येतो. नाही तो कमोडवरून उठताना हात देणारा माणूस. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक 10 कोटींच्या वर होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज दिला. विसरलेल्या माणसाला वॉकर देऊन भागत नाही. त्याला चोवीस तास नजर लागते.

ही नजर आजवर कोणाची होती? बहुतेक घरांत सुनेची, काही घरांत बिनलग्नाच्या मुलीची. 'आपली कुटुंबव्यवस्था' म्हणून आपण जिचे गोडवे गातो ती प्रत्यक्षात एका बाईच्या पाठीच्या मणक्यावर उभी होती. गंमत अशी की 2007 च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात यांची जबाबदारी सांगितली आहे; सून त्या व्याख्येत नाही. कायद्याला न दिसलेली बाईच घरात डायपर बदलत होती. ती आता सकाळी सव्वाआठची लोकल पकडते आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार मला तरी कुणाला दिसत नाही.

त्याच कायद्याचं 19 वं कलम मोठं वाचनीय आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, गरीब वृद्धांसाठी 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू 'शकेल'. शकेल! मुलाने आईला महिन्याला 10 हजारांपर्यंत निर्वाह द्यावा असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं, आईला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारचं काम मात्र मर्जीवर. जिथे मुलाला 'पाहिजे' तिथे सरकारला 'शकेल', अशी ही विभागणी.

खासगी केंद्रांबद्दल तर त्या कायद्यात नोंदणीची अटच नाही. डिसेंबर 2019 मध्ये दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. त्यात ज्येष्ठांच्या निवास केंद्रांची आणि घरी सेवा पुरवणाऱ्या एजन्सींची, म्हणजे आपल्या ब्युरोंची, नोंदणी होती. किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. सून-जावईही व्याख्येत आले होते. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा त्याच्याबरोबर संपलं. त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. वडापावच्या गाडीलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. पाच खाटांचं हॉस्पिटल काढायचं तर 1949 पासूनचा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. बंगला भाड्याने घेऊन त्यात वीस म्हातारी माणसं ठेवणाऱ्याकडे आपण मात्र एवढंच बघतो, की बोलायला माणूस बरा वाटतो का.

काहीच झालं नाही असंही नाही. 2024 मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले: लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर जाईल एवढी म्हणजे किमान 900 मिलिमीटर रुंद दारं, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा आणि धरायला दांडे. उत्तम. पण महारेरा बांधकामाचा नियामक आहे. दाराची रुंदी त्याने ठरवली. त्या दारातून रात्री कोण आत येईल, हे ठरवणं त्याच्या हातात नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम आले की इन्स्पेक्टर येतील, इन्स्पेक्टर आले की पाकीट येईल, आणि बंद पडतील ती छोटी, स्वस्त, मायेने चालवलेली ठिकाणं. निवृत्त परिचारिकेने स्वतःच्या घरात सात-आठ जणींना ठेवलेलं असं एक ठिकाण मी पाहिलं. भिंतीचा रंग उडालेला, जिना अरुंद, अग्निशमनाच्या कोणत्याही तपासणीत नापास होईल. पण बाईंना प्रत्येकीची रात्रीची गोळी तोंडपाठ होती, आणि पाठीवर कुणाला लाल चट्टा उठायला लागला तर त्या दोन दिवसांत ओळखायच्या. उलट संगमरवरी लॉबीच्या एका जागी मी बेडसोअरबद्दल, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांबद्दल, विचारलं तेव्हा मॅनेजरने मला ॲक्टिव्हिटी कॅलेंडर दाखवलं. चौरस फुटांवर आधारलेला नियम पहिलीला मारेल आणि दुसऱ्याला प्रमाणपत्र देईल. नियमाची मला भीती नाही, अशा आळशी नियमाची आहे.

म्हणून मोजायचंच असेल तर माणसं मोजा. दिवसा किती राहणाऱ्यांमागे किती कर्मचारी, रात्री किती. गेल्या वर्षी किती जण पडले, किती जणांना जखमा झाल्या, याची वही आहे का आणि ती नातेवाईकांना बघायला मिळते का. डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि डायपर, फिजिओ, 'एक्स्ट्रा केअर' यांचे दर आधी लिहून दिलेत का. सगळ्यात कळीचं: माणसाची गरज वाढली तर काय? इथेच सोय होईल, दर वाढेल, की "आता तुम्ही दुसरीकडे बघा"? करारातलं ते कलम मी दीड महिन्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की निवासी 'व्यवस्थापनाच्या मते' असाध्य झाल्यास सात दिवसांत हलवावं लागेल. सात दिवसांत मला भाड्याचा फ्लॅट मिळत नाही. शिवाय आधी करत असलेल्या कामाला चार महिन्यांनी 'एक्स्ट्रा केअर' असं नाव मिळून बिलात साडेतीन हजार वाढले, तेव्हा मी तेही निमूट भरले. कारण डोक्यात तेच: भांडलो तर आत्याशी नीट वागतील का? शाळेतल्या पालकांना, हॉस्पिटलमधल्या नातेवाइकांना ही भीती असतेच. इथे तिच्यात अपराधीपणा मिसळतो आणि तोंडाला कुलूप लागतं. परदेशात असलेल्या मुलांचं तर आणखी अवघड. त्यांना व्हॉट्सॲपवर गणपतीच्या आरतीचे, फेटे बांधलेल्या आजोबांचे फोटो येतात. ते फोटो खोटे नसतात. ते फक्त दुपारी काढलेले असतात.

पैशांचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मला सांगितलेले दर महिना 28 हजारांपासून 60 हजारांच्या पुढेपर्यंत होते. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कर्मचारी पेन्शन योजनेत मिळणारी किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. श्रावणबाळ योजनेचे 1500. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची यांसाठी एकदाच 3000. आयुष्मान भारतचं कार्ड 70 च्या पुढच्या सगळ्यांना मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट. पण त्याचे 5 लाख हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचे. खुब्याचं ऑपरेशन त्यात बसतं. ऑपरेशननंतरची आठ वर्षं बसत नाहीत.

जपानमध्येही म्हाताऱ्यांची सेवा ही सुनेचीच समजली जायची. तिथे एप्रिल 2000 पासून सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाच्या खिशातून हप्ता जातो, निम्मा भार करांतून येतो. गरज पडली की माणसाची तपासणी होऊन सात पायऱ्यांपैकी एक पायरी ठरते आणि तेवढी सेवा मिळते, बहुतेकांना खर्चाचा दहावा भाग भरून. तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहे, नोकरदारांकडून हप्ता कापणं तिथे सोपं आहे, आपल्याकडचा शेतमजूर हप्ता कुठून भरणार, हे सगळं खरं. पण सुना बिघडल्या म्हणून हा प्रश्न आला, असं म्हणून तो देश थांबला नाही. त्यांनी तो वीज-पाण्यासारखा सार्वजनिक सोयीचा प्रश्न मानला. आपण अजून तो संस्कारांच्या खात्यात मांडतो. वृद्धाश्रमाच्या उद्घाटनाला येणारे पाहुणे "असे आश्रम काढावे लागू नयेत" असं भाषण करून टाळ्या घेतात. फीत कापून झालेली असते. असं भाषण ऐकणाऱ्याने मग त्या आश्रमात रात्रपाळीला किती माणसं आहेत हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

रात्रपाळीचं मला कळलं ते बाथरूममुळे. एका भेटीत आत्याचा टॉवेल वाळत घालायला आत गेलो. सगळं नीट होतं; फरशी खरखरीत, कमोडच्या उजव्या हाताला स्टीलचा दांडा. बेलची लाल दोरी मात्र गुंडाळी करून वर, गिझरच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली. पडलेल्या माणसाचा हात पोचावा म्हणून जी दोरी जमिनीपर्यंत सोडतात, ती माझ्याही डोक्याच्या वर. विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, "काही आजी उगाच ओढतात हो." परभणीकडची, विशीच्या आतबाहेरची पोर. तिच्यावर काय चिडणार? अठरा माणसांमागे रात्री ती धरून दोघीच, आणि त्यातली एक स्वयंपाकघराच्या बाजूला झोपते. दोरी तिने कामचुकारपणाने बांधली नव्हती. अठरा बेला दोघींना पुरत नाहीत, म्हणून बांधली होती.

या वेळी मात्र मी बोललो. दोरी खाली सोडायला लावली आणि सोडली आहे हे लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी मॅनेजरांचा फोन: तुमच्या आत्या रात्री फार बेल वाजवतात. म्हटलं, किती वेळा? ते म्हणाले, तसं मोजलेलं नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या, तारीख, बेलची वेळ, कशासाठी, कोण किती वाजता पोचलं, असे रकाने पाडले आणि तिथल्या टेबलावर ठेवून आलो. त्यांना ते आवडलं नाही. आत्याला फारच आवडलं. तिने पहिल्या पानाच्या डोक्यावर मास्तरणीच्या अक्षरात सगळ्या मुलींची नावं घालून दिली.

परवा गेलो तेव्हा वही उघडून पाहिली. पहिली नोंद अशी: रात्री 2.10, बाथरूम, पोचले 2.35.